पाणी कुठून जाणार?

मामा भोरहून एक्सेटरला आले ते बॅगेत एक जाड वही घेऊनच. एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं नोकरी, दर तीन-चार वर्षांनी बदली, राहायला कायम भाड्याची नाहीतर क्वार्टरची खोली. निवृत्तीनंतर त्यांनी भोरच्या पुढे, वरंध घाटाच्या रस्त्याला पंधरा गुंठे जागा घेतली. तिथे त्यांना घर बांधायचं आहे आणि ते किल्ल्यासारखं हवं आहे. चार कोपऱ्यांना चार बुरूज, वर चर्या, भिंतीत बंदुका रोखायच्या अरुंद जंग्या, पुढे गोमुखी दरवाजा. वहीच्या पानापानावर पेन्सिलीनं काढलेले बुरूज होते, आणि प्रत्येक नकाशाला वर सपाट गच्ची.

माझं काम जुन्या दगडी घरांच्या दुरुस्तीचं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, त्या कामाला तोटा नाही. मामांना माझ्याकडून शाबासकी हवी होती. मी वही चाळली आणि विचारलं, "मामा, पाणी कुठून जाणार?"

"कसलं पाणी?"

"पावसाचं."

त्यांनी वही मिटली आणि चहा होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कॅसल ड्रोगो बघायला घेऊन गेले.

ड्रोगो एक्सेटरच्या पश्चिमेला, डार्टमूरच्या काठावर आहे. टीन नदीनं कापलेली खोल दरी, दरीवर पुढे आलेलं डोंगराचं नाक आणि त्या नाकावर राखाडी ग्रॅनाइटचा हा किल्ला. आम्ही पोचलो तेव्हा आडवा पाऊस लागला होता. मामांनी टोपी काढली, खिशात कोंबली आणि दरवाजाशेजारच्या भिंतीवर तळहात टेकवून उभे राहिले. वर दगडात कोरलेला सिंह, आत वरून खाली सोडायचं जाळीचं जड दार, तेही खरोखर चालणारं. मला त्यांना तिथून हलवायला दहा मिनिटं लागली.

"किती शतकांचा असेल?" त्यांनी विचारलं.

"पायाचा दगड १९११ सालचा. काम संपलं १९३० ला."

"म्हणजे आजोबांच्या वयाचा!" त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांचा हिरमोड होईल. उलटंच झालं. "बघ, म्हणजे बांधता येतो. ज्याला हवा होता त्यानं बांधला."

ज्याला हवा होता तो ज्युलियस ड्रू. चहा आणि किराणा विकणाऱ्या दुकानांची मोठी साखळी त्यानं भागीदारीत उभी केली आणि तेहतिसाव्या वर्षी, गडगंज होऊन, धंद्यातून अंग काढून घेतलं. पुढे वंशावळी शोधणाऱ्या एकानं त्याला सांगितलं, की तुझं घराणं बाराव्या शतकातल्या ड्रोगो नावाच्या नॉर्मन सरदाराचं. जवळच्या ड्रूस्टेन्टन गावाला नावही त्याचंच पडलेलं. ड्रूनं त्या गावाशेजारची जमीन घेतली, एडविन लुटियन्सला बोलावलं आणि पंचावन्नाव्या वाढदिवशी पायाचा दगड बसवला. हा तोच लुटियन्स, ज्याच्या हाती पुढच्याच वर्षी नव्या दिल्लीचं काम आलं.

"ती वंशावळ पक्की नव्हती, मामा. आडनाव जुळलं, गाव जुळलं, एवढंच."

"असू दे की. आपल्याकडे हेळवी यायचे, आठवतंय? चोपडी उघडून खापरपणजोबांची नावं वाचून दाखवायचे. आई त्यांना सुपानं धान्य घालायची. खरंखोटं कोण तपासायला गेलं? माणसाला आपण कुठून आलो हे कुणीतरी सांगावंसं वाटतं. आणि मी तर सरदारांचा वंशज आहे असं म्हणतच नाही. मला फक्त भिंत हवी आहे. जाड, दगडाची, हात टेकला की पाठीशी कुणी आहे असं वाटणारी. चौतीस वर्षं मी चार इंची भिंतीत काढली. शेजारचा खोकला की मला जाग यायची. आमचे वडील गेले तेव्हा रडायलासुद्धा आम्ही गावाबाहेरच्या पुलावर गेलो होतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. किल्ल्यासारख्या घरांची थट्टा करणारे लोक ही गोष्ट विसरतात. चर्या आणि बुरूज दिखाऊ असतील, पण त्यांच्या मागची इच्छा दिखाऊ नसते. अडीच फूट खोल खिडकीत पाय दुमडून बसायला मिळणं, रात्री आगळ घातल्यावर घर खरोखर बंद होणं, उंचावरून आपल्याकडे येणारी वाट दिसणं, ही माणसाची फार जुनी सुखं आहेत.

पण मी दुरुस्तीवाली आहे. मी त्यांना छपराखाली घेऊन गेले.

"ही भिंत जिथे संपते तिथे बघा. वळचण कुठे आहे?"

त्यांनी मान वर केली. भिंत सरळ आभाळात गेलेली.

"आपल्या घराला वळचण असते, तिच्या पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडतात. भिंत भिजतच नाही. किल्ल्याला वळचण शोभत नाही. पन्हळ बाहेर दिसली तर किल्ल्याचं घर होतं, म्हणून पन्हळही लपवायची. मग छपरावर पडलेलं पाणी चर्यांच्या आतच कोंडतं आणि भिंतीवर आपटलेलं पाणी दगडादगडामधल्या दरजांतून आत शिरतं. ग्रॅनाइट पाणी पीत नाही, पण दरजा पितात. इथे तर ड्रूनं हट्टानं भिंती भरीव करवल्या. मधे पोकळी सोडली असती तर बाहेरून शिरलेलं पाणी पोकळीतून खाली उतरलं असतं. त्याला जुन्या किल्ल्यासारखी सबंध दगडाची भिंत हवी होती. तिच्यात शिरलेलं पाणी थेट दिवाणखान्यात निघायचं."

"आणि वर?"

"वर काँक्रीटची सपाट गच्ची आणि तिच्यावर अस्फाल्टचा थर. उन्हात काँक्रीट पसरतं, थंडीत आकसतं, अस्फाल्टला ती ओढाताण सोसत नाही. चिरा पडल्या. मालक राहायला आला तेव्हापासून घर गळायला लागलं."

मामा गप्प झाले. एसटीच्या टपाची गळती शोधण्यात ज्यानं पावसाळे घालवले, त्याला चिरेची भाषा समजावून सांगावी लागत नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "लुटियन्ससारख्या माणसाला हे कळलं नसेल?"

मला याच प्रश्नाची वाट होती. ड्रोगोचं काम चालू असताना त्याच वर्षांत लुटियन्स दिल्लीत व्हाइसरॉयचं घर बांधत होता, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन. त्या इमारतीला चहूबाजूंनी दगडाचा रुंद छज्जा आहे. ऊन आणि पाऊस दोन्ही भिंतीपासून लांब ठेवणारा, आपल्याकडच्या बांधकामातून उचललेला. तिकडे छज्जा आणि इकडे उघडी भिंत, हात एकाच माणसाचे.

"म्हणजे कळत होतं!"

"कळत असणारच. त्यानं बायकोला पत्रात लिहिलं होतं, की ड्रूला किल्ल्याऐवजी मोठाल्या खोल्यांचं एखादं साधं, जीव लावणारं घर हवं असतं तर किती बरं झालं असतं. पण मालकाला किल्ला हवा होता."

"मग त्यानं नाही म्हणायचं."

"मी तुम्हाला नाही म्हणतेय, मामा. ऐकताय का तुम्ही?"

ते हसले आणि पुढे चालू लागले.

ड्रोगोचं स्वयंपाकघर मला फार आवडतं. भिंतीला खिडकी नाही, सगळा उजेड छतातल्या गोल काचेच्या कंदिलातून खाली येतो आणि त्याच्या बरोबर खाली लुटियन्सनंच काढलेलं गोल लाकडी टेबल आहे. पावसाळी दुपारचा उजेड त्या टेबलावर दुधासारखा पसरला होता. मामा टेबलाभोवती एक फेरी मारून आले. "देवळाच्या गाभाऱ्यासारखं आहे," म्हणाले. मी म्हटलं, सुंदर आहे हे खरंच. पण इथे जन्मभर भाजी चिरणाऱ्या बाईला बाहेर ऊन पडलंय का पाऊस, कोण येतंय, कोण जातंय, काही दिसत नव्हतं. तुमच्या नकाशात मामीची खोली कुठली आणि तिला खिडकी केवढी? जंगीएवढी?

त्यांनी वही काढली. स्वयंपाकघराला खरोखरच दोन जंग्या होत्या. त्यांनी तिथेच पेन्सिलीनं त्यांच्यावर काट मारली आणि एक चौकोन काढला.

एका खोलीत आम्ही कुणीच बोललो नाही. ड्रूचा थोरला मुलगा एड्रियन १९१७ साली बेल्जियममध्ये, ईप्रच्या आघाडीवर मारला गेला. त्याच्या आईनं या घरात त्याच्या वस्तूंची एक खोली मांडली. ती अजून तशीच जपली आहे. वडिलांनी वंशासाठी भिंती भरीव केल्या आणि थोरला वारस त्या भिंतींबाहेर, परक्या मुलखात गेला. घराचा आराखडा आधीच खर्चापायी आणि युद्धापायी कमी होत आला होता. शेवटी जे उभं राहिलं ते मूळ आराखड्याचा सुमारे तिसरा हिस्सा. मामा बाहेर आले, टोपी घातली आणि म्हणाले, "आता बसू या कुठेतरी."

आम्ही आवारातल्या उपाहारगृहात बसलो. चहाचा कप दोन्ही हातांत धरून मामांनी नव्यानं सुरुवात केली.

"तुझं गळतीचं सगळं मान्य. पण मला एक सांग, हे घर शंभर वर्षं गळलं, मग पाडलं का नाही?"

"१९७४ साली कुटुंबानं ते नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. २०१३ पासून ट्रस्टनं मोठी दुरुस्ती काढली. परांच्या चढल्या, वरचे दोन हजारांहून जास्त दगड उतरवले, गच्चीवर नवा, लवचीक थर घातला, दगड पुन्हा जागच्या जागी बसवले, दरजा नव्यानं भरल्या, शेकडो खिडक्या काढून दुरुस्त केल्या. सुमारे दीड कोटी पौंड लागले."

"दिले ना पण?" मामा पुढे झुकले. "लोकांनी वर्गण्या दिल्या, तिकिटं काढली, दगड नंबर घालून उतरवले आणि परत चढवले. आता आमच्या धाकट्याचा पुण्यातला फ्लॅट बघ. त्याची सोसायटी जेमतेम पस्तीस वर्षांची. टाकी गळते, स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात. दुरुस्तीचा विषय निघाला की सगळे म्हणतात, कशाला खर्च करायचा, रीडेव्हलपमेंटला देऊ. त्या इमारतीवर कुणाचा जीवच नाही गं. ती पडली तर कुणाला काही वाटणार नाही. माणूस कशाची दुरुस्ती करतो? ज्याच्यावर जीव असतो त्याची. मला असं घर बांधायचंय, की गळलं तर पोरं म्हणतील दुरुस्त करू."

मी या कामात चौदा वर्षं आहे, पण इतक्या सरळ शब्दांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते अर्ध्याहून जास्त खरं आहे. बव्हेरियाच्या लुडविक राजानं १८६९ साली नॉइश्वानस्टाइन या किल्ल्यासारख्या महालाचं काम सुरू केलं. रंगभूमीचे पडदे रंगवणाऱ्या माणसाकडून त्याची चित्रं काढून घेतली. आत विटा आणि वरून चुनखडीचा दगड. राजा त्यात सहा महिनेही राहिला नाही. १८८६ साली तो गेला आणि काही आठवड्यांतच घर लोकांना बघायला उघडलं. तेव्हापासून आजतागायत जग तिथे रांग लावतंय. नाटकी म्हणून कुणी ते सोडून दिलं नाही.

पण अर्ध्याहून जास्त म्हणजे पूर्ण नव्हे.

"मामा, ड्रोगोवर जीव लावायला अख्खा देश होता. तुमच्या घरावर जीव लावायला तुमची दोन मुलं आहेत. एक पुण्यात, एक नाशकात. दर पावसाळ्याआधी बुरुजावर चढून चिरा कोण भरणार? तुमचा गुडघा?"

"मग मराठवाड्यात गढ्या नव्हत्या का? पाटला-देशमुखांच्या? त्या तर घर आणि किल्ला एकच होत्या."

"होत्या. पांढऱ्या मातीच्या भिंती, कोपऱ्याला बुरूज आणि आतल्या घरांवर सपाट माळवद. पण तो प्रदेश कमी पावसाचा. तरीसुद्धा दर वर्षी पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पसरून चोपावी लागायची. ज्या गढ्यांतली माणसं गेली त्यांची काही पावसाळ्यांत ढेकळं झाली. वरंध घाटाच्या रस्त्याला तुम्ही माळवद घालाल? तिथला पाऊस मला काय सांगता, तुम्हीच मला लहानपणी सांगायचात, की जुलैत घोंगडीतून अंगात पाणी उतरतं."

मामांनी मान हलवली. मग मी माझं खरं म्हणणं मांडलं. ते मी प्रवासभर मनात घोळवत होते.

"आपल्या लोकांनी तट आणि घर या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या. शनिवारवाडा बघा. बाहेर दगड-विटांचा तट, बुरूज, खिळ्यांचा दिल्ली दरवाजा. आत वाडा मात्र लाकडाचा, सात मजली. १८२८ ला आग लागली तेव्हा वाडा जळला, तट उभा राहिला. रायगडावर तेच. तुम्ही मला बोट धरून दाखवलीत ती राजवाड्याची जोती. वरचं लाकूडकाम १८१८ च्या आगीत गेलं. तटाचं काम शत्रूला अडवायचं, तो भिजला तरी चालतो, त्याला ओल चढली तरी कुणाला सर्दी होत नाही. घराचं काम माणसाला कोरडं ठेवायचं. ज्यांना खरोखर तोफांची भीती होती, त्यांनीसुद्धा तटाच्या भिंतीत संसार मांडला नाही. संसार आत, चौकाभोवती, छपराखाली. घरालाच तट करायला गेलं की दोन्ही कामं बिघडतात. तुम्हाला तट हवाय ना? घाला आवाराला. कमरेएवढा घाला, डोक्याएवढा घाला, काळ्या दगडाचा, चर्यांचा, गोमुखी दरवाजाचा. देवडीत बसून पेपर वाचा. पण आतलं घर कौलारू करा, हातभर वळचणीचं."

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"तट बाहेर घातला की तो कंपाउंड होतो गं," शेवटी म्हणाले. "त्याच्या आत शिरल्यावर किल्ल्यात आल्यासारखं वाटायला जागा लागते मोठी. रायगड आहे म्हणून आत घरं. माझे पंधरा गुंठे. मला झोपताना डोक्याशी दगड हवा."

हेही खोटं नव्हतं. पंधरा गुंठ्यांत तट घालून आत घर बांधलं तर दोन्ही अंग चोरून उभी राहतील. मी कागदावर मापं टाकून बघितली, दोनदा बघितली, आणि त्यांना तसं सांगितलं. एका खोलीपुरती दोन फुटी दगडी भिंत परवडेल, चारही बाजूंनी नाही. गवंडीसुद्धा आता दगडाचे मिळत नाहीत, विटेवर दगडाच्या पातळ फरशा चिकटवून देतात आणि त्या फरशीमागे पाणी साचतं. बुरूज एकच घ्या. चार कशाला?

"एक बुरूज म्हणजे गढीसुद्धा नाही."

"एक बुरूज म्हणजे झोपायची खोली. खोल खिडकी. डोक्याशी दगड."

पाऊस थांबला तसे आम्ही बागेत गेलो. लुटियन्सच्या सल्ल्यानं आखलेली ही बाग किल्ल्यापासून मुद्दाम लांब ठेवली आहे. तिथेच ड्रूच्या मुलींसाठीचं खेळघर आहे. मोठं माणूस वाकूनच आत शिरेल एवढं साधं, लहानसं घर, आत खोल्यासुद्धा आहेत. मामा त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि आत डोकावून बघत राहिले.

"बापानं किल्ला बांधला आणि पोरींना खेळायला घर दिलं," म्हणाले. "आपली पोरं घरात राहतात आणि दिवाळीला किल्ला करतात."

मग त्यांना आठवलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. भोरला, ते नऊ-दहा वर्षांचे असताना, अंगणात त्यांनी प्रतापगड केला होता. जुन्या विटा, त्यांवर गोणपाट, वर मातीचा काला, पायथ्याला मोहरी पेरलेली. मावळे शनिवारच्या बाजारातून आणलेले. वसुबारसेच्या संध्याकाळी परतीचा पाऊस आला. माती वाहायला लागली, आधी पायऱ्या गेल्या, मग माचीचा कोपरा बसला. ते रडत हातानं माती लिंपत होते, आणि लिंपावी तेवढी ती बोटांतून निसटत होती.

"आईनं मला बाजूला केलं. म्हणाली, हातानं काय पाऊस अडतोय होय? गोठ्यातून पावसात पांघरायचं इरलं आणलं आणि सगळ्या किल्ल्यावर पालथं घातलं. रात्रभर वाजत होतं त्याच्यावर. सकाळी काढलं तर बालेकिल्ला जसाच्या तसा. मोहरीलासुद्धा काही झालं नव्हतं."

घरी आल्यावर त्यांनी वही उघडली. चारातले तीन बुरूज खोडून काढायला त्यांना वेळ लागला, मी मधे बोलले नाही. उरलेल्या बुरुजावर पेन्सिल टेकवून ते थांबले. चर्यांची ओळ तशीच होती, आणि तिच्या आत सपाट गच्ची.

"याच्यावर इरलं घाल," म्हणाले आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.